स्टेशन चौकातला हौद

घोडीच्या गळ्यात पाटी अडकवायची म्हटल्यावर जोतीरामनं सिद्धूच्या हातातली दोरीच हिसकावून घेतली.

"काय रं, बाजारातलं मेंढरू हाय का ती?"

"आरं, नुसती पुठ्ठ्याची पाटी हाय. वजन न्हाई तिला," सिद्धू म्हणाला. तो शहर सुधारणा समितीचा कारकून. साहेब लोकांपुढे पुस्तकातलं बोलायचा, पण मूळ औंधाकडचा असल्यानं टांगेवाल्यांत आला की त्याची जीभ आपोआप गावाकडं वळायची. "पेट्रोल वाचवा, देश वाचवा. वाच की."

"मला वाचता येतंय. घोडीला येत न्हाई. टांग्याच्या पाठीला लाव जा."

सिद्धूनं पाटी मागच्या बैठकीखाली बांधली. गणपतीच्या देवळासमोर टांगे ओळीनं उभे होते. झेंडूच्या माळा, कागदी पताका, दांड्यांना हळदी-कुंकू. साऱ्या सांगलीत शिल्लक राहिलेले टांगे एवढेच, एका हाताच्या बोटांवर मावतील इतके. सकाळी लवकर या म्हणून निरोप होता. आता ऊन डोक्यावर आलं होतं आणि ज्यांना मिरवायचं होतं ती मंडळी अजून विश्रामगृहात नाश्त्यालाच बसली होती. माघातलं ऊन, पण सांगलीचं. त्याच्या घोडीच्या, पाखरीच्या, तोंडाला फेस सुकून पांढरा झाला होता. ती सारखी मान हलवून लगाम चावत होती.

"सिद्धू, बादलीभर पाणी बघ की घोडीला. पहाटं घरनं पिऊन निघालीया, तेवढंच."

"आता पाव्हणं येत्यात गड्या. मिरवणूक झाली की पाज. आजच्यापुरती कळ काढ. उद्यापास्नं तुमचा हौद चालूच व्हणार हाय न्हवं?"

हौदाचं नाव निघालं आणि जोतीराम पाखरीच्या तोंडावरचा फेस पुसायला लागला. त्या हौदासाठीच तर तो इथं हे सोंग घेऊन उभा होता.

जोतीरामचा बाप आकाराम माणातल्या मेंढपाळांतला. एका दुष्काळात मेंढरं गेली आणि बिऱ्हाड वाहणारं तट्टू तेवढं उरलं. ते घेऊन तो कृष्णेकाठी उतरला, कुणाकुणाची ओझी वाहिली आणि पुढं सांगलीच्या स्टेशनावर टांगा लावला. स्टेशनासमोर काळ्या दगडाचा लांबट हौद होता आणि त्यावर नळ. अड्ड्याची रीत त्या हौदावर चालायची. ज्याचं घोडं पाणी पिऊन झालं त्याचा नंबर लागला. पाणी न पाजता कुणी सवारी घ्यायची नाही, मग समोर मामलेदार उभा असो नाहीतर बाळंतीण. टांगेवाल्यांत भांडणं पुष्कळ व्हायची, डोकी फुटायची. पण ही रीत मोडून कुणी सवारी पळवल्याचं जोतीरामनं पाहिलं नव्हतं. घाईतला प्रवासी कावला तर आकाराम त्याला सांगायचा, "आवं, जरा दम धरा. तुमाला वडणार हाय त्ये."

मग रुंद रुळांची मोठी लाईन आली, नवं स्टेशन गावाबाहेर गेलं आणि जुन्या स्टेशनावर शुकशुकाट झाला. तरी चौकातला अड्डा तगला होता. दवाखान्याला जाणारे म्हातारे, हळदीचे व्यापारी, देवदर्शनाला आलेल्या बायका टांग्यातच बसायच्या. अड्डा मारला तो समितीनं. येत्या पंचवीस वर्षांत शहराला वीज किती लागेल, रस्ते किती रुंद लागतील, कारखाने कुठं बसतील, असा भलामोठा आराखडा करायला ही समिती बसली होती. तिच्या पहिल्याच सभेत ठरलं की भर चौकातल्या घोड्यांमुळं शहर मागासलेलं दिसतं. कुणाला दिसतं, हे कुणी विचारलं नाही. एका सकाळी घोड्यांनी तोंडं खाली घातली तर हौद कोरडा. नळच काढून नेलेला. सांगायला माणूसही आला नाही.

जोतीरामनं समितीच्या कचेरीचे उंबरे झिजवले. प्रत्येक वेळी "बघू", "पुढच्या बैठकीत घेऊ". दरम्यान एका ट्रकनं मागं येताना हौदाच्या भिंतीला धडक दिली आणि तिला तडा गेला. शालूबाई, जोतीरामची बायको, घाटावरून डोक्यावर पाणी आणून घोडीला पाजायची. सगळ्यांच्या घरी शालूबाई नव्हती. उन्हाळ्यात नाथाजीचं घोडं दिवसभर कोरडं राहिलं, रात्री पोट धरून तडफडलं आणि उजाडायच्या आत गेलं. नाथाजी हळदीच्या पेठेत पोती उचलायला लागला. बाकीच्यांतल्या बहुतेकांनी घोडी विकली. मेलेल्या घोड्यापेक्षा विकलेलं बरं, एवढाच त्यांचा हिशेब.

आणि मग कुठं दूरच्या मुलखात लढाई झाली आणि पेट्रोल एकाएकी कडाडलं. काल ज्यांना लिदीचा वास सहन होत नव्हता त्यांना आज घोड्यांचा पुळका आला. समितीचे अध्यक्ष लालासाहेब, नदीकाठच्या उसाच्या मळ्यांचे धनी, स्वतः चौकात आले. आले जीपमधूनच.

"जोतीराम, पुण्यासनं मोठं साहेब येत्यात आराखडा बघाय," ते म्हणाले. "तवा पेट्रोल बचतीची मिरवणूक काढायची. आमी समदी टांग्यात बसून सभेला जानार. लय मोठं काम हाय हे."

"आन हौदाचं?"

"तुजा हौद ना? मिरवणूक हू दे. दुसऱ्या दिशी नळ. माजा शबूद हाय."

अड्ड्यावरचा सगळ्यात जुना टांगेवाला गुंडातात्या. लालासाहेबांची पाठ वळल्यावर तो पचकन थुंकला. "ह्याचा शबूद आन उसाचं पाचट. पेटतंय लय, पर भाकरी भाजत न्हाई."

"तात्या, येकदा इश्वास ठिवू. पान्यासाठी ठिवू," जोतीराम म्हणाला. आणि तो एकेकाच्या दारात गेला, सगळ्यांना तयार केलं. नाथाजीच्यासुद्धा दारात गेला. घोडं नसलं तरी बघायला ये म्हणाला. नळ आला तर त्याच्या हातानं सोडायचा, असं जोतीरामनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

शेवटी जीपा आल्या. पांढऱ्या टोप्या उतरल्या. लालासाहेब आणि पुण्याचे नगररचनाकार साहेब जोतीरामच्या टांग्यात बसले, बाकीचे मागच्या टांग्यांत. पुढं बँड, त्याच्यापुढं उलट्या पावलांनी चालणारा फोटोग्राफर. आणि सगळ्यांच्या मागं, गोगलगायीच्या चालीनं, त्याच जीपा. परतीला नकोत का! पेट्रोल बचतीच्या मिरवणुकीत सगळ्यात जास्त पेट्रोल त्याच जाळत होत्या. त्यांचा धूर गुंडातात्याच्या नाकात जात होता आणि तो मोठमोठ्यानं खोकून दाखवत होता.

टांग्यात बसलेल्या माणसाला पुढं हाकणाऱ्याची पाठ दिसते, कान दिसत नाहीत. उभ्या आयुष्यात जोतीरामनं त्या पाठीमागं पुष्कळ ऐकलं होतं: सोयरिकी, वाटण्या, सासुरवासाची रडगाणी. ऐकलेलं सगळं तो तिथंच सोडून यायचा.

"खरं सांगू का लालासाहेब," पुण्याचे साहेब म्हणत होते, "याला तेल नको, धूर नाही, आवाज नाही. तेलाचं असंच चालायचं असेल तर आपल्या आराखड्यात टांग्यांना जागा ठेवायला हवी."

लालासाहेब हसले. "आवं साहेब, ह्ये फोटोपुरतं. तेल काय जल्मभर म्हाग राहतंय व्हय? सांगली वाढनार म्हंजे गाड्या वाढनार. आता फुडं स्टेशन चौक लागंल, तितली जागा बघून ठेवा. तितं पंप येतोय. आमच्या थोरल्याला मंजूर झालाय."

"पाण्याचा?"

"पेट्रोलचा!"

"मोकळी आहे का जागा?"

"येक फुटका हौद हाय. उद्या सकाळी गडी लावून उपटतो."

"बरं होईल," साहेब म्हणाले. "रस्ताही रुंद करता येईल."

बँड वाजत होता. जोतीरामच्या हातातला लगाम एकदम ताठ झाला, तशी पाखरी बिचकली. त्यानं तो सैल सोडला. राग मस्तकात गेला होता, पण तो घोडीवर काढायचा नव्हता. उद्या सकाळी! नळासाठी दिलेला शब्दही उद्याचाच होता. आपण दारोदार जाऊन माणसं गोळा केली. नाथाजीला, ज्याचं घोडं या लोकांनी मारलं त्याला, बघायला बोलावलं. आपल्याच हातानं आपल्या हौदाची तिरडी सजवली, झेंडू लावून. मागं वळून एक चाबूक त्या पांढऱ्या टोपीवर ओढावा असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याची त्याला जराही लाज वाटली नाही.

स्टेशन चौक आला. सभेचं ठिकाण सरळ पुढं होतं. बँड पुढं गेला, फोटोग्राफर गेला. जोतीरामनं डाव्या हाताला किंचित लगाम ओढला. पाखरीला तेवढंही नको होतं. ती वळली आणि हौदापाशी जाऊन उभी राहिली. मागचे टांगेही वळले.

"आरं, हिकडं कुटं?" लालासाहेब ओरडले.

"घोडीला पानी पाजायचं हाय."

"येडा का खुळा तू? फुडं मानसं खोळंबल्यात."

"आमी दोन वर्सं खोळंबलोय. पानी पाजल्याबिगर सवारी वडायची न्हाई, ही हितली रीत हाय. आज मी मोडली. सकाळधरनं तान्हेली घोडी जुपून तुमाला बसवलं. चुकलं माजं. उतरा."

बसलेल्या सवारीला त्यानं आजवर कधी उतर म्हटलं नव्हतं. शब्द तोंडातून गेला आणि त्याला हलकं वाटलं.

"ह्या हौदात पानी न्हाई, ठावं न्हाई का तुला?"

"मला ठावं हाय. सायबाला ठावं व्हावं म्हून आनलंय. सायेब, ह्योच तो हौद. उद्या उपटायचा हाय न्हवं? मग आज डोळं भरून बघा. माजा बाप हितं उबा राह्यला, मी राह्यलो. आन तुमी आमच्याच घोड्यावर बसून आमच्याच पान्यावर पेट्रोल वतताय!"

लालासाहेबांचा चेहरा उतरला. पाठीला कान असतात हे त्यांना आता समजलं होतं. फोटोग्राफर धावत परत आला आणि त्यानं कॅमेरा वर केला.

"खाली घे त्यो डबा!" लालासाहेब खेकसले. मग खाली उतरून जोतीरामच्या अगदी जवळ आले. "बिल्ला काढून घेतो तुजा. उद्यापास्नं ह्या शेरात टांगा हाकून दाव."

जोतीरामनं दंडावरचा परवान्याचा पितळी बिल्ला सोडला आणि टांग्याच्या बैठकीवर, लालासाहेबांच्या जागी ठेवला. "घ्या की. उद्याची वाट कशाला बघताय?"

साहेब खाली मान घालून उतरले. मागं गुंडातात्यानं आपल्या टांग्यातल्या मंडळींना हात केला. "उतरा आता. आमची घोडी बी तान्हेली हायेत." पांढऱ्या टोप्या एकेक करून जीपमध्ये चढल्या. सिद्धूनं बिल्ला उचलला. जोतीरामकडं न बघताच तो जीपच्या मागं लटकला. जीपा धुरळा उडवत गेल्या. टांग्याच्या पाठीला पाटी तेवढी राहिली.

जोतीरामनं पाखरीला दांड्यांतून सोडलं. तिनं सवयीनं हौदात तोंड घातलं, कोरडा दगड हुंगला आणि त्याच्याकडं बघितलं. समोरच्या हॉटेलातून नाथाजी दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन येत होता. पोती उचलून त्याचा एक खांदा खाली आला होता. त्यानं बादली पाखरीच्या तोंडापुढं धरली.

"तितं नगं," जोतीराम म्हणाला. "हौदात वत."

"आरं, तडा हाय त्येला. समदं गळून जाईल."

"जाऊ दे. आज हौदातच पिऊ दे तिला."

नाथाजीनं दोन्ही बादल्या हौदात रिकाम्या केल्या. पाखरीनं मान घातली. तड्यातून पाण्याची धार लागली आणि रस्त्याच्या धुळीत पसरायला लागली. जोतीराम गुडघ्यावर बसला आणि त्यानं दोन्ही तळवे तड्यावर दाबून धरले. तरीही बोटांच्या फटींतून पाणी येतच होतं, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

"हळू पी," तो घोडीला म्हणाला. "मी धरलंय."