फ्रीडाच्या सुरांचं वर्ष

कोमिरतौ या कोळशाच्या खाणींच्या गावातल्या वाद्यवृंदात एक रिवाज होता. कुणी गाव सोडून गेलं की त्याचे सूर वर्षभर दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत. बाकीच्यांनी आपापलं वाजवत राहायचं आणि गेलेल्याच्या जागी नुसती शांतता ठेवायची. पहिला गेला तो तुतारीवाला याकोब. तेव्हा वाद्यवृंद चालवणारे केनेस-आगा म्हणाले होते, "मेलेल्या माणसालासुद्धा आपण वर्षाचं जेवण घालून मग निरोप देतो. हा तर जिवंत आहे. ह्याला काय लगेच पुसून टाकायचं?"

सगळ्यांना पटलं. पुढे अर्धं गाव सामान बांधणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं! जर्मन घरं जर्मनीला गेली, रशियन रशियाला, आणि कोळशाच्या खाणी एकेक करून बंद पडल्या. वाद्यवृंदाचं संगीत कसर लागलेल्या शालीसारखं झालं. तरी कार्यक्रमाला खाणकामगार भवन भरायचंच. बेकरीवाली गाल्या ढोल वाजवायची, दातांचा डॉक्टर दौरेन क्लॅरिनेट, म्हणजे प्रत्येक घराचं कुणी ना कुणी मंचावर बसलेलं. मध्येच शांतता आली की बायका शेजारणीला कोपर मारायच्या, "हा याकोब बरं का!" गेलेल्यांची आठवण काढायला गावात तेवढीच एक जागा उरली होती.

मग फ्रीडाही जर्मनीला गेली. तिचं वाद्य ओबो, सनईच्या नात्यातलं. ओरिनशा चेलो वाजवायची आणि खाणीच्या टेलिफोनवर नोकरी करायची. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, एकमेकींच्या बाळंतपणात एकमेकींची घरं सांभाळलेल्या. वाद्यवृंदाच्या आवडत्या संथ तुकड्यात फ्रीडा एकटी वाजवायची आणि खाली फक्त ओरिनशा तारा छेडायची. फ्रीडा गेल्यावर ओरिनशा वर्षभर एकटीच तारा छेडत बसली.

ऑगस्टात वर्ष भरलं. तालमीनंतर चहा पिताना केनेस-आगांनी विषय काढला.

"ओरिनशा, आता ते सूर दौरेनला देऊ. खाणकामगार दिनाला वाजवू दे त्याला."

"थांबा की थोडं. ती येणार आहे."

"तसं म्हणालीय का ती?"

"म्हणायला कशाला हवं? मला माहीत आहे."

दौरेन बिचारा अवघडला. "आपा, मला काही हौस नाही. माझं मलाच धड वाजवता येत नाही."

"ते मात्र खरंय," तोंडातला बाउरसाक, तळलेल्या कणकेचा गोळा, गिळत गाल्या म्हणाली. सगळे हसले, ओरिनशा सोडून.

शेवटी केनेस-आगांनी तोड काढली. "तूच विचार फ्रीडाला. ती नको म्हणाली तर नको."

ओरिनशाचा जीव भांड्यात पडला. फ्रीडा आपले सूर दुसऱ्याला देईल? शक्यच नाही! रविवारी फ्रीडाचा फोन आला तसं तिनं हसत हसतच विचारलं.

"देऊन टाका," फ्रीडा म्हणाली.

"काय?"

"देऊन टाका गं. तुम्ही तिकडं जागा धरून बसलाय म्हटलं की माझा इथं पाय ठरत नाही. दर गुरुवारी वाटतं, तालमीला उशीर झाला. बाजारात पिशवी घेऊन नुसती उभी राहते. पोरं इथली झाली, ओरिनशा. मलाही होऊ दे. सोड मला."

"सोड म्हणे! मी काय दावं बांधलंय तुला?" असं म्हणून ओरिनशानं फोन आपटला. मग तिनं कणीक मळायला घेतली आणि सगळा राग त्या गोळ्यावर काढला. रडलीही पुष्कळ. पण गुरुवारी जाऊन तिनं केनेस-आगांना खरं तेच सांगितलं.

खाणकामगार दिनाला भवनात पाय ठेवायला जागा नव्हती. संथ तुकडा सुरू झाला. ओरिनशानं तारा छेडायला घेतल्या आणि वरून क्लॅरिनेट आलं. दौरेन घाबरत घाबरत शिरला, पण दोन सुरांतच सावरला. चांगलं वाजवत होता, फार चांगलं. ओरिनशाला मात्र काहीतरी विलक्षण चुकल्यासारखं वाटत होतं. आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं. वर्षभर त्या शांततेत तिला फ्रीडा ऐकू येत होती, अगदी तिच्या श्वासासकट. आज जागा भरली आणि फ्रीडाचा आवाज बंद झाला. गाडी वर्षापूर्वी सुटली होती, पण ओरिनशाची फ्रीडा गाव सोडून गेली ती आज. तिची बोटं बिनचूक चालली होती आणि डोळ्यांना धार लागली होती.

टाळ्या थांबेनात. ओरिनशानंही वाजवल्या.

घरी येऊन ती चपला काढतेय तोच फोन वाजला.

"झालं?" फ्रीडानं विचारलं.

"झालं."

"दौरेनलाच दिलंत?"

"तूच म्हणालीस ना!"

"हो हो. बरं केलंत." मग लगेच, "कसं वाजवलं?"

"चांगलं. लोक उठून उभे राहिले."

"बरं झालं. छान झालं." मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "माझ्यापेक्षा चांगलं?"

काय उत्तर द्यायचं ते ओरिनशाला कळत होतं. एक "हो" म्हटलं की फ्रीडा सुटणार होती. तिनंच तर मागितलं होतं ते. शिवाय ते खोटंही नव्हतं. फ्रीडाचा शेवटचा सूर नेहमी कापायचा, दौरेनचा कापला नाही. "हो" ओठांपर्यंत आलं.

"छे गं," ओरिनशा म्हणाली. "तुझी सर कुणाला येतेय?"

पलीकडे फ्रीडा हुंदके देऊन रडायला लागली. ओरिनशानं तिला रडू दिलं आणि मग विचारलं, "कधी येतेस?"