तुझी वाटी थंड

रॉक बँडचा कार्यक्रम दुपारी चारलाच असतो, असं मला विशीपर्यंत खरंच वाटत होतं. मी पाहिलेला एकुलता एक बँड चारला सुरू व्हायचा आणि साडेपाचला गाशा गुंडाळायचा. त्यातली गाणारी बाई शाळेत भूगोल शिकवायची. रविवारी संध्याकाळी तिला वह्या तपासायच्या असायच्या आणि तिच्यापुढे बाकीच्या तिघांचं काही चालत नसे. आम्ही तिला मास्तरीण म्हणायचो.

बँडचं नाव 'उसनी शिडी'. शिडीमुळे नाव पडलं की नावामुळे शिडी आली, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. जिथे कार्यक्रम असेल तिथल्या मालकाकडे ते आधी शिडी मागायचे. बेस गिटारवाला लंबू तिच्या तिसऱ्या पायरीवर बसायचा आणि शेवटपर्यंत खाली उतरायचा नाही. जमिनीवर सूर लागत नाही म्हणे. ड्रमवाला एक चामड्याची सुटकेस बडवायचा आणि मधूनच ती उघडून टॉवेल काढून घाम पुसायचा. गिटारवाला भिंतीकडे तोंड करून वाजवायचा, कारण लोक दिसले की त्याची बोटं चुकायची.

कार्यक्रम कुठेही व्हायचे. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची खोली, बंद पडलेल्या वाचनालयातली वर्तमानपत्रांची खोली, एकदा तर लाँड्रीत, इस्त्रीची टेबलं बाजूला सारून. नाचाच्या क्लासमध्ये चारही भिंतींना आरसे होते, त्यामुळे पंचवीस माणसं शंभर दिसायची आणि बँड फार खुशीत असायचा. फक्त गिटारवाल्याची पंचाईत व्हायची. तिथेच काय तो मी त्याचा चेहरा पाहिला, डोळे गच्च मिटलेला. चांगला देखणा होता, उगाच लाजायचा.

मला हे वेड दादाने लावलं. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. अठराव्या वर्षी तो लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीवर कामाला लागला. रविवारी आंघोळ करूनही त्याच्या कानामागे भुसा असायचा. वखारीतल्या कोणीतरी त्याला सायकलच्या दुकानात नेलं, पुढच्या वेळी त्याने मला नेलं, आणि मग पाच वर्षं आम्ही दोघांनी एक कार्यक्रम चुकवला नाही. आम्ही नेहमी पहिल्या रांगेत, लाउडस्पीकरच्या अगदी तोंडाशी. जागा दादाच निवडायचा.

दादाचं एक होतं. त्याला भलतंच ऐकू यायचं. आईने एकदा विचारलं, "सुई कुठंय रे?" तर म्हणाला, "पायाखाली." त्याला 'भुई' ऐकू आलं होतं. मी शाळेत गेलेय असं आईने सांगितलं, तर माळ्याला शिडी लावून मला हाका मारत बसला. घरात हसून हसून आमची पोटं दुखायची. मी एक वहीच केली होती, 'दादाचा शब्दकोश'. डावीकडे आम्ही काय बोललो, उजवीकडे त्याने काय ऐकलं. पाहुणे आले की मी ती वाचून दाखवायचे. दादाही हसायचा. काय वाचतेय ते त्याला किती कळायचं, देव जाणे.

'उसनी शिडी'चं शेवटचं गाणं ठरलेलं असायचं. एक बाई बोटीवर गेलेल्या नवऱ्याला सांगते, कुठेही भटक, पण तुझी वाट इथं, तुझी वाट इथं. हे आठ वेळा. मास्तरीण माइक जवळजवळ तोंडात घालून गायची आणि शब्द एकमेकांत घुसायचे. दुसऱ्या की तिसऱ्या कार्यक्रमानंतर घरी येताना दादा म्हणाला, "काय ओळ आहे गं. तुझी वाटी थंड."

मी रस्त्यात मटकन खाली बसले आणि हसत सुटले. "अरे, वाट इथं. वाट. इथं."

"चल. म्हणे वाट इथं. ती त्याचं जेवण वाढून बसलीय, तो येत नाही, वाटी थंड झालीय. सरळ आहे."

त्याला वाटलं, मी नेहमीसारखी त्याची खेचतेय. त्याला घरात एवढं चिडवलं होतं की खरं सांगितलं तरी त्याने ते का मानावं? पुढच्या रविवारी तो स्वयंपाकघरातली वाटी आणि चमचा खिशात घालून आला. ती ओळ आली तशी उभा राहिला आणि आठही वेळा वाटी वाजवून ओरडला, "तुझी वाटी थंड!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मागची पोरं खूश. पुढच्या वेळी तीन वाट्या आल्या, मग दहा. वर्षभरात वाटीशिवाय आलेला माणूस नवखा समजला जायला लागला.

मास्तरीण मास्तरीणच. एकदा तिने गाणं थांबवलं, बोट दादावर रोखलं आणि म्हणाली, "वाट इथं. वाक्य नीट ऐकायला शिका." सगळे खो खो हसले. दादाने मान लववून नमस्कार केला. बाहेर आल्यावर म्हणाला, "बघितलंस? सगळ्यांसमोर शाबासकी दिली." मी त्याला खरं सांगितलं नाही. त्याचा चेहरा एवढा फुलला होता की माझ्याच्याने झालं नाही.

आणि मग एका रविवारी तो तयारच झाला नाही. म्हणाला, "तू जा. मला आता मजा येत नाही. सगळी गाणी सारखीच वाटतात." मला एवढा राग आला की मी फणकाऱ्याने म्हटलं, "तुला कानच नाही मुळी." तेवढं मात्र त्याला स्वच्छ ऐकू गेलं. मी दोन वेळा एकटी गेले, वाटी न वाजवता परत आले. पुढच्या वर्षी मास्तरणीची बदली झाली आणि बँडही संपला.

याला तीस वर्षं झाली. आता मी कानाच्या दवाखान्यात काम करते. श्रवणयंत्र कानात नीट बसायला प्रत्येक कानाचा वेगळा साचा लागतो, तो मी घेते. कानात गुलाबी लगदा भरायचा, पाच मिनिटं थांबायचं, हलकेच काढायचा. हजारो कान पाहिले. गेल्या वर्षी दादाला मिनतवाऱ्या करून आणला, तपासणी करवली, त्याच्या कानांचे साचे माझ्या हाताने घेतले. यंत्रं आली, त्याने दहा मिनिटं लावली आणि डबीत घालून कपाटात ठेवली. आठ महिने तिथेच होती. वहिनी म्हणायची, "कपाटाला आता छान ऐकू येतं."

तशात दवाखान्यासमोरच्या भिंतीवर मला कागद दिसला. 'उसनी शिडी'. रविवार, दुपारी चार. पोस्टातल्या कर्मचाऱ्यांच्या क्लबात, टेबल टेनिसची खोली. खाली हाताने लिहिलं होतं: एकदाच. पुन्हा विचारू नये. अक्षर मास्तरणीचं असणार.

घरी जाऊन मी जुनी कॅसेट शोधायला ट्रंक उपसली. कॅसेट सापडली नाही, वही सापडली. मी हसायच्या तयारीनेच ती उघडली. सुई, भुई. शाळा, माळा. सही, दही. साल, गाल. पान उलटत गेले आणि हसू कुठल्या कुठे गेलं. स, श, स, स, श. करवतीच्या आवाजाने कान गेले की बारीक आवाजाची अक्षरं आधी जातात, हे मी रोज दोन-चार माणसांना समजावून सांगते. माझ्या हातात त्याची तपासणी होती, तारखांसकट, तो वीस वर्षांचा असल्यापासूनची. मी ती केली होती आणि पाहुण्यांना वाचून दाखवली होती. गाणी सारखीच वाटतात म्हणाला, तेव्हा तो कंटाळला नव्हता. त्याला खरोखरच सारखी ऐकू येत होती. मी जमिनीवर बसून खूप रडले.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन दादाकडे गेले. तो ओट्यावर बसून स्टुलाचा पाय तासत होता. मी त्याच्यासमोर बसले, तोंड दिसेल अशी, आणि सगळं सांगितलं. माफ कर म्हणाले. त्याने वही शांतपणे चाळली. 'भुई'वर थांबून हसलासुद्धा.

"रविवारी चल," मी म्हटलं. "यंत्रं लावून. ती पुन्हा गाणार नाहीये, दादा. एकदा नीट ऐक."

"येतो. यंत्र नको."

"का पण?"

त्याने बोटाने रंधा पुसला. मग म्हणाला, "धाकटे, आतापर्यंत जे ऐकलं ते माझं आहे. उद्या हे लावलं आणि ते सगळंच चुकीचं निघालं, तर मी ते कुठं टाकू?"

त्याला कशाची भीती वाटतेय ते मला पक्कं ठाऊक होतं. तो यंत्र लावून आला, तर त्या आठ ओळी त्याला खऱ्या ऐकू येणार होत्या. आणि लावून आला नाही, तर कधीच ऐकू येणार नव्हत्या. मी एवढंच म्हटलं, "डबी खिशात ठेव. बाकी तुझं तू बघ."

रविवारी क्लबात चाळीसेक माणसं होती. टेबल टेनिसची टेबलं घडी करून भिंतीला लावली होती. आमच्या वयाचे बरेच, पण पोरंही होती, बँड संपल्यावर जन्मलेली. कुणाकुणाच्या आईबापांच्या कॅसेटवरून त्यांना गाणी पाठ होती. जवळजवळ सगळ्यांच्या हातात वाट्या. दादा दारातच थबकला आणि त्या वाट्यांकडे बघत राहिला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, ते त्याच्याबरोबरच संपलं.

शिडी आली. लंबूचे गुडघे आता धड नव्हते, तो पहिल्याच पायरीवर बसला. सुटकेस तीच होती, फक्त टॉवेल नवा. गिटारवाला भिंतीकडे वळला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, तसे त्याचे कान लाल झाले. मास्तरीण पांढऱ्या केसांची, बारीक झालेली. माइक आता तिने हातभर लांब धरला होता आणि प्रत्येक शब्द स्वच्छ येत होता. मी मनातून चरकले.

दादा तासभर हाताची घडी घालून बसला. शिडीकडे बघायचा, सुटकेसीकडे बघायचा, लोक हसले की अर्धा क्षण उशिरा हसायचा. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि सारखी बघत होते. शेवटचं गाणं सुरू झालं. बोट निघाली, नवरा गेला. तेवढ्यात माझ्या शेजारी बारीक शीळ वाजली. यंत्र कानात बसवताना तशी शीळ वाजते. ती मी हजारदा ऐकलीय, पण त्या दिवशी गाणं सोडून तीच ऐकली.

त्याने दुसऱ्या कानातही यंत्र बसवलं आणि मान खाली घातली.

"तुझी वाट इथं," मास्तरीण गायली. मागून चाळीस वाट्या वाजल्या आणि चाळीस माणसं ओरडली, "तुझी वाटी थंड!" दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. दादाने डोकं वर केलं, तिच्या तोंडाकडे बघितलं, मग वळून मागच्या सगळ्यांकडे. मग माझ्या कानाशी वाकला.

"ती 'वाट इथं' म्हणतेय."

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून, दादा."

चौथी ओळ गेली, पाचवी गेली. मागे एक मुलगी, असेल वीस-बावीसची, डोळे मिटून जीव तोडून वाटी वाजवत होती. दादा तिच्याकडे पाहत राहिला. मग खिशात हात घालून त्याने आमची जुनी वाटी काढली. कडेला चमच्याने पडलेले पोचे तसेच होते.

"चुकतेय मास्तरीण," तो म्हणाला, आणि उभा राहिला.

सहाव्या ओळीला त्याची वाटी वाजली. तशी मास्तरणीने मान वळवली, डोळे बारीक करून त्याला न्याहाळलं आणि तेच जुनं बोट त्याच्यावर रोखलं. पण या वेळी गाणं थांबवलं नाही. सातवी ओळ ती गायलीच नाही, नुसता माइक त्याच्यापुढे धरला. दादाने ती म्हटली, एकट्याने, बेसूर, खणखणीत. आठवी ती त्याच्याबरोबर गायली. वाटी थंड.

मी खुर्चीतच होते. पर्समध्ये रुमाल सापडत नव्हता. खोलीत टाळ्यांचा आणि वाट्यांचा नुसता कल्लोळ चालला होता. दादा खाली बसला, समोर बघतच माझ्याकडे जरा झुकला.

"नाक ओढू नकोस," तो म्हणाला. "ऐकू येतंय."