मागं ऊ-ऊ करणारे

"ह्या मेल्याला कुनीतरी जेवाय घाला गं," भिंतीपलीकडून सोजराबाई पुटपुटल्या. "दिवेलागणीपासनं विव्हळतोय."

आमच्या दोन घरांत भिंत एकच, मातीची, आणि तीही वर आढ्यापर्यंत न पोचलेली. त्यामुळं सोजराबाई मनाशी पुटपुटल्या तरी समोर बसून सांगितल्यासारखं ऐकू येई. विव्हळणारा मेला म्हणजे आमच्या रेडिओतला इंग्रज.

"आत्या, जेवलाय तो," मी इकडून ओरडले. "त्याची बाई त्याला सोडून चाललीय."

"मग हितं भोरात वरडून काय उपेग? तिच्या दारात जा म्हनावं."

हे एकाहत्तर सालचं. आमचे यजमान एसटीत ड्रायव्हर. रेडिओ त्यांनी बातम्यांसाठी घेतला होता, पण बातम्यांच्या वेळी ते नेमके नसरापूरच्या रस्त्यावर असायचे. मी पडवीत शिवणाची मशीन चालवायची. शाळा सातवीला सुटली, पण वाचायची खोड सुटली नाही. इंग्रजी मी दिराच्या जुन्या पुस्तकांतून आणि वाण्याच्या पुड्यांवरून जमवलं होतं, म्हणजे कुठं बाही आहे, कुठं गळा आहे, पण अख्खा झंपर अजून बेतलेला नव्हता.

नदीकडच्या आमच्या आळीत रेडिओ सिलोन सगळ्यात स्वच्छ लागायचं ते आमच्याकडं. म्हणून साहेबराव सर संध्याकाळी आमच्या पडवीत यायचे. सर हायस्कूलात इंग्रजी शिकवायचे. चाळिशीला टेकलेले. धाकट्या भावाबहिणींची लग्नं लावता लावता स्वतःचं राहून गेलेलं. त्यांची एक तक्रार होती. मुलं इंग्रजीत नापास होतात, त्यात मुलांचा दोष नाही, पुस्तकाचा आहे.

"पुस्तकात काय, तर 'राजाच्या बागेत मोर आहे'," ते म्हणायचे. "असेना बापडा! मुलांनी त्याचं करायचं काय? गाण्यात बघा, एक माणूस दुसऱ्याकडं काहीतरी मागत असतो. भाषा तिथं सापडते."

तर त्या इंग्रजी गाण्यांची चिरफाड करायची, त्यात कुठले शब्द येतात, कोण कुणाशी बोलतं, काय फिरून फिरून म्हणतं, हे सगळं मांडायचं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांच्या शिबिरात वाचायचं, असा त्यांचा बेत होता.

पण रेडिओवरचं गाणं थांब म्हटल्यानं थांबत नाही. म्हणून सरांनी ओळी वाटून दिल्या होत्या. पहिली ओळ सर, दुसरी रतन, तिसरी मी, मग परत सर. भाताच्या खाचरात बाया आपापली पात धरतात तसं. आपली ओळ निसटली तर घाबरायचं नाही, कारण ही गाणी कडवं झालं की मागच्या ओळीवर परत येतात, तेव्हा पकडायची.

रतन म्हणजे सोजराबाईंची सून. बालवाडीत शिकवायची आणि बाहेरून मॅट्रिकला बसायचं म्हणत होती. सोजराबाईंचा मुलगा गेनबा लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरची माणसं न्यायला आली तेव्हा रतन म्हणाली, "आत्याबाईंना डोळ्यांनी सुईत दोरा होत न्हाई. मी कुठं जाऊ?" तेव्हापासून दोघी मिठावरून भांडायच्या आणि थंडीत एका वाकळेत झोपायच्या.

सोजराबाईंची कुरकुर ऐकून ऐकून मी एक दिवस त्यांना बोलावलं. "आत्या, भिंतीआडून बोलण्यापेक्षा कामाला या. आम्ही तिघंही लिहिण्यात असतो. मोजायला कुणी नाही."

सरांनी त्यांच्यापुढं दोन वाडगे ठेवले आणि ओंजळभर चिंचोके. "मावशी, 'आय' म्हणजे मी, 'यू' म्हणजे तू. 'आय' ऐकू आला की ह्या वाडग्यात चिंचोका टाकायचा, 'यू' आला की त्या."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं सोडून द्यायचं."

"मग बरंय," सोजराबाई मांडी घालून बसल्या. "लगीनघरातल्या पाव्हन्यासारखं काम हाय."

डोळे अधू, पण कान असा तिखट की आम्ही लिहीत असताना एकीकडं टक टक चिंचोके पडत असायचे. तोंडही चालूच. "भरला 'आय'चा वाडगा. सोताचंच लई." नाहीतर, "एवढी घोडी बाई, तिला बेबी कशापायी म्हनतोय?"

"लाडानं म्हणतात, मावशी."

"आमच्यात लाडानं 'अगं ए' म्हनायचे. त्येबी आसपास कुनी नसलं तर."

सर हसता हसता पेन्सिल खाली पाडत. मग रतन ती उचलून देई, आणि सर ती परत घेताना जरा जास्तच वेळ आभार मानत.

हे आम्हाला दिसत होतं. पेन्सिली तिन्ही सरच तासून आणायचे, पण चांगल्या टोकाची रतनच्याच हातात जायची. गाण्याच्या दिवशी रतन बालवाडीतली साडी बदलून यायची. आळीला दिसत होतं, आमच्या यजमानांनाही दिसत होतं, आणि त्यांना तर वळणावरचा दगडसुद्धा मी सांगितल्याशिवाय दिसत नाही. विधवेनं पुन्हा लग्न करायला आमच्यात कुणाचा जीव जात नव्हता. माझ्या चुलतीनं केलं होतं, विहारात, चार माणसांत. अडचण ती नव्हती. अडचण वाडगे घेऊन आमच्या मध्ये बसली होती. रतन गेली तर ह्या म्हातारीचं कोण? आणि तिच्यापुढं हा विषय काढणार कोण? म्हणून सगळे गप्प. रतन गप्प, सर गप्प, मी शिवणाच्या कपड्यात मान घालून गप्प.

काम मात्र छान चाललं होतं. सरांना दिसून आलं की ही गाणी इवल्या इवल्या शब्दांवर चालतात. ये, जा, थांब, सांग, विसरू नको. एवढ्या भांडवलावर माणूस अख्खं प्रेम करतो आणि मोडतोही. सरांनी ते शब्द आठवीच्या वर्गात नेले. इंग्रजीच्या तासाला खिडकीबाहेर बघणारी पोरं सायकलीत हवा भरणाऱ्यालाही 'डोन्ट गो, डोन्ट गो' करायला लागली. माझ्याही एक गोष्ट ध्यानात आली. हा गाणारा 'मला सांग, मला सांग' म्हणतो, पण तिनं सांगेपर्यंत थांबत नाही, लगेच पुढचं कडवं धरतो. सरांनी ते लिहून घेतलं आणि शेजारी मांडलं, 'हे निरीक्षण लीलाबाईंचं.' त्या आनंदात माझ्या दोन भाकऱ्या करपल्या.

मे महिना लागला आणि यजमानांनी स्टँडवरून बातमी आणली. संस्थेनं सरांची वेल्ह्याला बदली केली होती. तिथं नवीन शाळा निघाली होती. वेल्हं म्हणजे काही परदेश नव्हे, पण भोरहून आधी नसरापूर, तिथं गाडीची वाट बघायची, मग दुसरी एसटी. दिवसभराचं काम. संध्याकाळी गाणं ऐकायला कुणी तिथून येणार नव्हतं.

सर शिबिरासाठी निघणार, आणि तिकडूनच वेल्ह्याला जाणार. जायच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्याकडं भाषण वाचून दाखवायला आले. बदलीचं त्यांनीच सांगितलं, पण असं, की जणू दुसऱ्याच कुणाची झालीय.

"हवा चांगली आहे म्हणतात तिकडं," मी म्हटलं.

"हो, पाऊस फार."

"भात बी चांगला पिकतो," रतन म्हणाली, जमिनीकडं बघून.

"राजगड जवळ पडेल तुम्हाला," आमचे यजमान म्हणाले. सरांना गडावर चढताना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

रेडिओवर एक गाणं लागलं होतं, ते संपलं. कुणीच ओळ पकडली नव्हती. सोजराबाईंच्या वाडग्यात एकही चिंचोका पडला नव्हता.

"मावशी, आज काम बंद?" सरांनी विचारलं.

"तुमी वाचा, मास्तर. मी ऐकती."

सर वाचायला लागले. इवल्या शब्दांचं सांगितलं, ते छान जमलं होतं. मग कोण कुणाशी बोलतं ते आलं. गाण्यातला 'मी' सारखा बोलतो. वाट बघतो, रडतो, पावसात चालतो, पण उठून तिच्या दारात जात नाही. आणि 'तू' कधी उत्तर देत नाही, त्यामुळं तिच्या मनात काय आहे ते ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. रतननं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"का बरं देत न्हाई उत्तर?" सोजराबाईंनी मध्येच विचारलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. "गाणं लहान असतं, मावशी. एकालाच बोलता येतं त्यात."

"आन् मागं ऊ-ऊ करत्यात, ते कोन?"

"कोण?"

"अवो, ह्यो रडतोय आन् त्याच्या मागं चार-पाच जनं ऊ-ऊ, आ-आ करत्यात. त्यास्नी तुमी मोजलंच न्हाई. मी कवाधरनं ऐकतीय."

सर गोंधळले. पानं चाळली. खरंच, त्यांच्या मांडणीत ते कुठं नव्हतंच. "ते नुसती साथ देतात," ते म्हणाले. "त्यांना गोष्टीत काही काम नसतं."

"पर त्यास्नी ठावं असतंय ना समदं? ह्येचं काय, तिचं काय?"

"असावं. तिथंच उभे असतात ते."

"आन् तरी नुस्तं ऊ-ऊ?"

"हो."

सोजराबाईंनी चिंचोक्यांची ओंजळ खाली ठेवली. मग माझ्याकडं पाहिलं. मग यजमानांकडं. त्या अधू डोळ्यांना आमचे चेहरे किती दिसले कोण जाणे, पण मला मात्र आपण उघडे पडलो असं वाटलं.

"लीले, म्हंजी त्ये आपुनच की गं," त्या म्हणाल्या. "तू, तुझा मालक, ही अख्खी आळी. आन् समद्यांत मोठ्यानं ऊ-ऊ करनारी मी."

"आत्याबाई, चला, भाकरी करायचीय," रतन घाईनं उठली.

"बस खाली. भाकरी कुटं पळत न्हाई. मानूस पळतंय."

रतन बसली. रेडिओ नुसता खरखरत होता. यजमानांनी हात लांब करून तो बंद केला, तेवढं एक काम त्यांनी आयुष्यात अगदी वेळेवर केलं.

तुम्हाला सांगते, ही सोजराबाई मुलगा गेला तेव्हाही आळीसमोर रडली नव्हती. आणि एसटीत म्हणाल तर तिला गाडी एवढी लागायची, की नसरापूरच्या बाजाराला जायचं म्हटलं तरी ती चालत निघायची. नणंदेच्या घरचं लग्नसुद्धा तिनं त्यापायी चुकवलं होतं. आता तिनं हात चाचपत पुढं केला आणि सुनेचा हात धरला.

"मला भ्या वाटत हुतं," त्या म्हणाल्या. "म्हनून मी आंधळी झाले. डोळ्यांनी न्हवं, जानूनबुजून. तुमी समदे माझ्यापायी गप बसला, ह्येबी मला ठावं हाय."

"आत्याबाई..."

"ऐक. रतन, तू मास्तरासंगं लगीन कर. माझा गेनबा गेला, त्येला आता 'जाऊ नगं' म्हनून उपेग न्हाई. ह्यो अजून हितं बसलाय." मग त्या सरांकडं वळल्या. "आन् मास्तर, वेल्ह्याच्या गाडीत माझ्यासाठी खिडकीची जागा धरा. मला एसटी लागती."