झोपवायची रीत

आमचे हे आयुष्यभर वीज मारत आले. कोळशावरच्या वीजकेंद्रात वायरमन. खटका खाली ओढायचा, "मेली!" म्हणून साथीदाराला सांगायचं आणि तारेला हात घालायचा. तो शब्द तोंडात इतका बसलेला, की घरातला दिवा मालवला तरी "मेली" म्हणायचे. मी विचारायचे, "मला म्हणताय का?"

आता ते केंद्र बंद होणार होतं. कामगारांपुढे दोनच वाटा होत्या. एक, लांबच्या केंद्रात बदली. दुसरी, सरकारी प्रशिक्षण केंद्रात सौर पॅनेलचं काम फुकट शिकायचं, परीक्षा पास व्हायची आणि इथल्याच नव्या सौर प्रकल्पावर लागायचं. बदली झाली तर हे तिकडे आणि मी इकडे. सगळा संसार मी यांच्या पाळ्या सांभाळत केला, लेकीला एकटीनं वाढवलं. उतारवयात तरी हा माणूस मला घरात हवा होता. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते वहीपेन घेऊन मुकाट्यानं वर्गात जाऊन बसले.

खरी गंमत पुढेच. शिकवणारी मॅडम म्हणजे आमचीच लेक. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो, अजूनही म्हणतो. वर्गात मात्र ती इतर वयस्कर कामगारांसारखं यांनाही "काका" म्हणायची आणि हे तिला "मॅडम". सुरुवातीला यांना त्याचं कोण कौतुक!

मग सराव परीक्षा आली. यांनी खटका ओढला, "मेली" म्हणाले आणि तारेकडे हात नेला. भिंगरीनं मनगट धरलं.

"काका, ऊन आहे तोवर पॅनेल मरत नाही. खटका पाडला तरी त्याच्या बाजूची तार जिवंतच असते. आधी झाकायचं, मग मीटर लावून बघायचं, मग हात. नापास."

भर वर्गात! घरी आले ते तोंड फुगवूनच. जेवताना लेकीनं मीठ मागितलं तर म्हणाले, "घ्या मॅडम." मला हसू फुटलं, पण त्या दोघांपैकी कुणीच हसेना.

"बाबा, मी हात धरला नसता तर?" एवढं बोलून ती ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं जेवणाचं टेबल पॅनेल झालं आणि त्यावरचं कापड आच्छादन. हे कापड भिरकावायचे, "मेली" म्हणायचे आणि लागलीच हात पुढे. शब्द निघाला की हात निघालाच.

"शब्दच बदला," मी वैतागून म्हणाले. "झोपली म्हणा. झोपलेलं कधीही जागं होतं, एवढं तरी ध्यानात राहील."

त्यांनी कापड हातात घेतलं. "झोपवतात कसं गं?"

मला वाटलं चेष्टा करतायत. पण चेष्टा नव्हती. लेकीच्या झोपायच्या वेळेला हा माणूस एक तर कामावर असायचा, नाही तर दमून स्वतःच आडवा.

"पांघरूण पायाकडून वर घ्यायचं," मी दाखवलं. "कडा आत खोचायच्या. मानेजवळचा कोपरा शेवटी, तिथून वारं शिरतं. मग हात ठेवायचा. श्वास संथ झाला की उठायचं."

"म्हणजे मीटर," हे म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी डबा द्यायच्या निमित्तानं मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. परीक्षक बाहेरचे होते, चेहऱ्यावरची माशी हलू न देणारे. भिंगरी बाजूला उभी. तिला बोलायची परवानगी नव्हती.

यांनी खटका ओढला. तोंड उघडलं. "मे..."

पण यांनी ओठ मिटले. काळं आच्छादन उचललं, खालच्या बाजूनं वर घेतलं, कडा चौकटीत खोचल्या, दोरी बांधली. वरचा कोपरा सगळ्यात शेवटी. त्यावर क्षणभर तळवा ठेवला आणि मग मीटर लावला.

"काय स्थिती?" परीक्षकांनी विचारलं.

"झोपलीये साहेब," हे हळूच म्हणाले. "पण बाहेर ऊन आहे. कधीही उठेल."

परीक्षकांनी आच्छादन ओढून पाहिलं. ते हललं नाही. "पास," ते मोठ्यानं म्हणाले, आणि यांचं बोट आपसूक ओठांवर गेलं. परीक्षकसुद्धा हसले.

भिंगरी मात्र त्या वरच्या कोपऱ्याकडेच बघत होती. तिचा हात स्वतःच्या मानेपाशी गेला होता. मग ती वर्ग, मॅडमपण, सगळं विसरून तरातरा कुंपणाशी आली.

"आई, तो कोपरा..." ती डोळे पुसू लागली.

"रडतेस काय, मेले," मी म्हणाले. माझे डोळे तरी कुठे कोरडे होते.

मागोमाग हे आले. त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला.

"तो शब्द आता घरात बंद," ते म्हणाले. "मी घरीच असणार आहे. लक्ष ठेवीन."