टाकीवरचा तवंग

सोमवार, ११ मार्च २०१९, सकाळी सहा वाजता टाकीतली महाशिंपल्यांची पिल्ले मी मोजली: शनिवारच्या नव्वद हजारांपैकी चाळीस हजारच उरली होती. मागची खेपही रविवारीच मेली होती. हीही गेली, तर गावाच्या खडकांवर शिंपले रुजवण्याचे काम बंद होणार होते.

क्षारता व तापमान यथायोग्य होते. पाण्यावर मात्र तेलकट तवंग होता. इथे टोंगा बेटांवर रविवारी कोणी काम करत नाही, आणि टाकीघराची दुसरी किल्ली रखवालदार सामिउकडे होती. शिंपले रुजले, तर ते खडक राखीव होऊन त्याच्या भावांची तिथली मासेमारी थांबणार होती. माझा संशय पक्का झाला.

तवंग काढल्यावर आठवडाभर आकडा टिकला. रविवारी मी टाकीमागे दबा धरला. चर्चमधून आलेला सामिउ बाही सारून हात बुडवणार, तोच मी ओरडलो, "काय कालवतोस रे?"

"आशीर्वाद देतोय, मास्तर! आणि रविवारी लपून बसणं, हे काम नव्हे होय?"

त्याच्या हाताला चर्चसाठी चोळलेल्या सुगंधी खोबरेल तेलाचा वास होता.

"आशीर्वाद दारातून दे!"

"तिथून पोचेल का त्यांना?"

सोमवारची मोजणी: एकोणचाळीस हजार दोनशे.