छातीतली शिट्टी

मळणीयंत्र सकाळपासून धडधडत होतं. भुसा दारातून घरात आणि घरातून थेट मळणीवाल्याच्या बायकोच्या छातीत शिरत होता. दम्याचा पंप तिचा, पण तो सासूच्या पेटीत, कुलपात. पंप ओढला की सवय लागते, असं सासूचं ठाम मत. स्वतःच्या तंबाखूबद्दल मात्र तिनं कधी मत दिलं नव्हतं.

शेजारच्या बाळाला लस टोचायला आलेली नर्सबाई भिंतीपलीकडून सगळा गलबला ऐकत होती. बोलावल्याशिवाय जायचं नाही, असा तिनं कानाला खडा लावला होता. मागच्या खेपेला पंप कुलपात का, हे विचारायला आपणहून गेली तर 'तुमचं काय अडलंय' असं ऐकावं लागलं होतं. पलीकडं सल्ल्यांचा बाजार भरला होता. कुणी म्हणे तेल चोळा, कुणी म्हणे ऊन पाणी पाजा. रिटायर मास्तरांचं म्हणणं, दम घाबरल्यानं लागतो, तेव्हा बाईनं घाबरू नये. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. या सगळ्यातून बाईच्या छातीतली बारीक शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

मग ती शिट्टी थांबली.

"पडला उतार," मळणीवाला म्हणाला. "आडवी करा तिला, निजू द्या."

नर्सबाईनं लशीचा डबा बाळाच्या आजीच्या मांडीवर ठेवला आणि ती धावली. बाईचे ओठ निळसर, डोळे मिटत आलेले. छातीला कान लावला तर आत काहीच वाजेना. शिट्टीलासुद्धा वारा लागतो, तोच आत जात नव्हता.

"बसवा तिला. ॲम्ब्युलन्सला फोन लावा, दम्याचा पेशंट आहे, ऑक्सिजन लागेल म्हणावं. आणि आजी, पेटीची किल्ली," ती सासूला म्हणाली.

"अगं, पण सवय लागंल ना."

"श्वास घ्यायची सवय आहे तिला. किल्ली द्या."

पाण्याच्या बाटलीच्या बुडाला विळ्यानं भोक पाडून तिनं त्यात पंप बसवला, बाटलीचं तोंड बाईच्या ओठांत धरलं. एक दाब, चार-पाच श्वास, पुन्हा एक दाब. दहाव्या दाबाला शिट्टी परत वाजायला लागली. नर्सबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चांगली शांत झाली होती," सासू म्हणाली. "हिनं हात लावला आन् पुन्हा सुरू झालं."

ॲम्ब्युलन्स आली, ऑक्सिजन लागला, पुढं दवाखान्यात औषधाची वाफ, इंजेक्शनं. चौथ्या दिवशी बाई स्वतःच्या पायांनी घरी आली. तोवर मास्तरांनी नर्सबाईच्या बदलीचा अर्ज तयार ठेवला होता: न बोलावता घरात शिरल्या, वडीलधाऱ्यांची पेटी उघडायला लावली, बसलेला दम पुन्हा उठवला. तेरा सह्या झाल्या होत्या. रुग्णाची झाली की काम फत्ते. तपासायला आलेली नर्सबाई उंबऱ्यातच थबकली. तिला तेवढ्यात कळलं की आपला निकाल आपल्यासमोरच लागणार.

बाईनं कागद घेतला आणि उभ्यानंच, मायन्यापासून 'आपले नम्र'पर्यंत, मध्ये कुठंही न थांबता मोठ्यानं वाचला. मास्तरांनी सहीची जागा बोटानं दाखवली.

"मी गप्प पडले, तेव्हा तुम्ही सगळे म्हणालात, बरी झाली," ती म्हणाली. "मला ऐकू येत होतं हो सगळं. कोण काय बोललं ते आता मी सांगते, तुम्ही लिहा. काढा मास्तर दुसरा कागद."

मास्तरांच्या पिशवीतले कागद नेमके तेव्हाच संपले होते.