कापलेली ओळ

या मित्रांनो, जवळ या. मागचे पुढे सरका, जागा पुष्कळ आहे. एक आख्यान सांगतो. गोड आहे असं म्हणणार नाही, पण खरं आहे.

मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे, पाठ फुगली आहे, आणि चार्जरची वायर वाकडी धरली तरच माझ्यात जीव येतो. कर्वेनगरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात, देवघेवीच्या टेबलावर माझा मुक्काम असतो.

सहा वर्षांपूर्वी मी नवाकोरा इथे आलो. ग्रंथपाल विजयमाला मॅडमनी मला कपाळाला लावलं, मग उघडलं. माझं पहिलं काम साधं होतं. पुस्तकं न परतवणाऱ्यांना निरोप धाडायचा. मॅडम लिहीत, ‘तीन महिने झाले. पुस्तक वाचून झाले असल्यास आणावे. झाले नसल्यास आता होणारही नाही, तरी आणावे.’ दुसऱ्या दिवशी पुस्तक हजर!

मॅडमना कीर्तनाचं भारी वेड. दर गुरुवारी संध्याकाळी त्या सदाशिव पेठेतल्या देवळात जात. माझा आवाज बंद करून मला पर्समध्ये ठेवत. तिथे साखरफुटाण्यांच्या पुडीशेजारी पडून मी किती कीर्तनं ऐकली, काय सांगू! टाळ वाजले की माझी काच थरथरायची. बुवा पूर्वरंगात प्रश्न उभा करायचे, तो मनात मुरू द्यायचे, आणि उत्तररंगात कथा सांगून अलगद सोडवायचे. मध्येच कुणी उठून जाईल तर शपथ!

पहिल्या वर्षाच्या मुलांना मॅडम माहिती साक्षरता शिकवत. आलेली माहिती पारखून कशी घ्यायची, याचा तो तास. मुलं पेंगत. एकदा ऋषी नावाचा विद्यार्थी उठून म्हणाला, “मॅडम, खरं सांगू? पुस्तकातलं आम्ही परीक्षेपुरतं वाचतो. थापा सगळ्या मोबाइलवर येतात. तिथेच शिकवा ना.”

“म्हणजे मी आता तिथे नाचू का?”

“नको मॅडम. लाइक नाही यायचे.”

वर्ग हसला, मॅडमही हसल्या. पण त्याच आठवड्यात माझ्यावर इन्स्टाचं पान सुरू झालं. वर कॉलेजचं चिन्ह, दिवा आणि उघडं पुस्तक. खाली ‘ग्रंथालय’ अशी ठळक अक्षरं. दर शुक्रवारी मॅडम फिरत आलेला एखादा निरोप त्याच चिन्हाच्या चित्रात घालून पानावर टाकत आणि शेवटच्या ओळीत विचारत, ‘खरं की खोटं? उत्तर सोमवारी.’ मुलांनी तीन प्रश्न घेऊन शोधायचं. कोणी सांगितलं? कधी सांगितलं? कशावरून सांगितलं?

“आजच उत्तर द्या की, मॅडम,” संस्कृती नावाची मुलगी म्हणे.

“पूर्वरंगातच सगळं सांगितलं तर उत्तररंगाला थांबेल कोण?” मॅडम म्हणत.

मित्रांनो, ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. दुसऱ्या कॉलेजांतले लोक मला हातात घेऊन पान बघून जात. मला वाटे, माझ्या हातून पुण्य घडतंय.

मग तो शुक्रवार आला. निरोप असा होता, ‘साखरेच्या गोळ्या बंद करा. एकवीस दिवस कारल्याचा रस घ्या. मधुमेह मुळापासून जातो.’ वर दिवा आणि पुस्तक, खाली तीच नेहमीची ओळ. सोमवारी मॅडमनी उत्तर दिलं, ‘साफ खोटं. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.’ एकसष्ट जणांना ते आवडलं.

पण तोवर कुणीतरी त्या चित्राची खालची ओळ कापली होती. कोणी कापली ते मला आजही माहीत नाही. ज्या थापेला आईबाप नव्हते, तिला आता आमचं नाव मिळालं होतं. ते चित्र नात्यातल्या, सोसायटीतल्या, गावाकडच्या ग्रुपांवर हिंडू लागलं. उत्तर मात्र आमच्या पानावरच बसून राहिलं.

आमचे शिपाई धोंडिबा खडकवासल्याच्या पलीकडच्या गावातून रोज येत. बावीस वर्षांची नोकरी, आणि दहा वर्षांची साखर. इन्स्टा त्यांना ठाऊक नव्हतं. एका दुपारी त्यांनी आपला मोबाइल माझ्याशेजारी टेबलावर ठेवला आणि वॉचमन हिंमतरावांना बोलावलं.

“हे बगा. आमच्या गावच्या ग्रुपवर आलंय. दिवा वळखला का? आपल्या मॅडमचं हाय हे!”

“मग खिशातल्या गोळ्यांचं काय करणार?”

“कबुतरांना घालतो.”

“नको. आधीच माजलीत ती.”

दोघं हसले. मी तिथेच होतो, मित्रांनो, वीतभर अंतरावर. सोमवारचं उत्तर माझ्या पोटात होतं. पण मला स्वतःहून उजळता येत नाही. कुणाचं बोट लागल्याशिवाय मला वाचा फुटत नाही. मी नुसता काळा पडून राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून धोंडिबा बाटलीत हिरवा रस आणू लागले. मॅडमची खुर्ची त्यांच्या स्टुलापासून दहा पावलांवर. एकदा त्यांनी विचारलंसुद्धा, “हे काय धोंडिबा?”

“कारल्याचा रस, मॅडम.”

“अरे वा! कडू लागत नाही?”

“लागतो की. पन घ्यायचा.”

मॅडम कौतुकानं हसल्या आणि नव्या पुस्तकांवर शिक्के मारू लागल्या. मुलांकडून जो प्रश्न शंभरदा घोटून घेतला, तो त्यांना सुचला नाही. मी मनात आक्रोश करत होतो, विचारा, मॅडम, कोणी सांगितलं ते विचारा! पांडुरंगाला हाक मारली. पण शिक्क्याचा ठक ठक आवाज तेवढा येत राहिला.

एकोणिसाव्या दिवशी धोंडिबा इतिहासाच्या कपाटाशी कोसळले. ऋषी आणि हिंमतरावांनी त्यांना रिक्षात घातलं. साखर बेसुमार चढली होती. पायाला एक जुनी जखम होती, ती आतल्या आत चिघळली होती. ते वाचले, पण उजव्या पायाची तीन बोटं गेली.

मॅडम भेटायला गेल्या तेव्हा मी पर्समध्ये होतो. धोंडिबांच्या पत्नी द्वारकाबाईंनी चित्र दाखवलं. मॅडमनी चित्राची कापलेली खालची कड पाहिली. मग त्या म्हणाल्या, “धोंडिबा, दहा पावलांवर होते मी. एकदा विचारायचं तरी!”

“तुमचं नाव हुतं म्हनून तर नाय इचारलं,” धोंडिबा शांतपणे म्हणाले. “दुसऱ्या कुनाचं असतं, तर इचारलं असतं की.”

त्यानंतर मॅडम कीर्तनाला गेल्या नाहीत. पान बंद झालं. आता त्या वर्गात प्रश्न आणि उत्तर एकाच दमात सांगतात, मध्ये श्वाससुद्धा घेत नाहीत. दुपारी मला वायर वाकडी करून जोडतात. ते चित्र फिरून फिरून माझ्याकडेच येतं, कारण लोक ग्रंथालयाचा नंबर शोधून विचारतात, ‘हे तुमचंच ना?’ मॅडम एकेकाला लिहितात, ‘हे खरं नाही. खाली एक ओळ होती.’ आज सकाळी नागपूरहून कुणी धाडलं, दुपारी साताऱ्याहून. माझी पाठ फुगत चालली आहे, किती दिवस निघतील देव जाणे. मी गेल्यावर ते चित्र मात्र फिरतच राहील.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगत नाही. माझं काय, टेबलावरून खणात जाईन. एवढंच मागतो. एखादा निरोप आवडत्या माणसाच्या, विश्वासातल्या माणसाच्या नावानं येईल. तुमचं बोट पुढे पाठवायला जाईल. त्या क्षणी धोंडिबांना आठवा. आता ते घराच्या ओट्यावर बसून असतात, शेजारी गोळ्यांची डबी असते, आणि कॉलेजची बस गेली की मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघतात. त्यांना आठवा, आणि मग विचारा.